विवेकशील उपभोक्ता आणि तिसरा मजला

‘निवड’ हा धडा मी हयातभर शिकवला, आणि माझ्या वर्गातलं एकही लेकरू तिथं निवड करून आलेलं नव्हतं. टक्के कमी पडले म्हणून सायन्स हुकलेलं, हिशेब जमेना म्हणून कॉमर्सही सोडलेलं, आणि आर्ट्समध्ये बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या म्हणून शेवटी माझ्या अर्थशास्त्रात येऊन पडलेलं. पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात जे उरलेलं पडतं, ते मी. अशा पोरांसमोर उभी राहून मी फळ्यावर लिहायची, ‘उपभोक्ता विवेकशील असतो.’ पोरं निमूट उतरवून घ्यायची. त्या ओळीला परीक्षेत मार्क असतो.

ज्यांचा या विषयाशी कधी संबंध आला नाही अशा भाग्यवानांसाठी थोडक्यात सांगते. वस्तूत गरज भागवायची जी ताकद असते तिला उपयोगिता म्हणायचं. वस्तू चांगली की वाईट हा प्रश्न इथं नसतो, त्यामुळे दारूलाही उपयोगिता असते. एवढा एक मुद्दा आमची पोरं जन्मभर विसरत नाहीत. पुढचा नियम असा की एखादी वस्तू लागोपाठ मिळत गेली की तिच्या प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारं समाधान घटत जातं; याला सीमांत उपयोगिता घटणं म्हणायचं. आणि मग फळ्यावर एक वाकडी रेघ काढायची, तिला समवृत्ती वक्र म्हणायचं आणि सांगायचं की बाबांनो, या रेघेवर कुठंही उभे राहा, समाधान तेवढंच. जास्त पाहिजे असेल तर वरच्या रेघेवर जा. वर म्हणजे जास्त समाधान. हे मी इतक्या वेळा म्हटलंय की स्वप्नातही हात वर करून बोलते, असं आमच्या घरचे सांगतात.

नोकरीच्या सुरुवातीला मला प्रयोगाची भारी हौस. पुस्तकात संत्र्याचं उदाहरण होतं. मी म्हटलं, लातूरच्या पोरांना संत्र्याचं काय कौतुक, आपण भजी आणू. कॉलेजच्या फाटकासमोरच्या गाड्यावरून गरम भजी मागवली आणि रंगनाथ नावाच्या औशाकडच्या पोराला पुढं बसवलं. पहिली प्लेट झाली. मी विचारलं, “समाधान किती?”

“लई.”

दुसरी झाली. “आता?”

“तेवढंच, मॅडम.”

तिसरीनंतर मी जरा आशेनं विचारलं, “आता कमी झालं असेल ना?”

“न्हाई. वाढूनच राहिलं. चटणी हाय का?”

वर्ग बाकं बडवत होता. मी फळ्यावर खाली उतरणारी रेघ आधीच काढून ठेवली होती, ती तशीच ठेवली आणि सांगितलं की हा अपवाद आहे. रंगनाथ जेवायचा ती मेस रविवारी संध्याकाळी बंद असते आणि मी प्रयोग सोमवारी सकाळी केला, हे पुढं कधीतरी माझ्या डोक्यात आलं.

आमच्या सगळ्या सिद्धांतांच्या शेपटीला एक वाक्य बांधलेलं असतं, ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’. भूकंपानंतर आमच्या भागात हे वाक्य वर्गात म्हणायला कोडगेपणा लागायचा. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जी परिस्थिती बदलली, ती बदललीच. आमच्या कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीला तडे गेले. सायन्सला यथावकाश नवी इमारत मिळाली, आणि आम्हा आर्ट्सवाल्यांना मैदानाच्या कडेला पत्र्याचं शेड, तात्पुरतं. तात्पुरतं म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत. उन्हाळ्यात तिथं खडू हातात घेतला तरी चटका बसायचा.

मग क्लासेसचा सुकाळ आला. ज्या रस्त्यावर पूर्वी कडबा आणि लोखंडी पेट्या विकायच्या, तिथं भौतिकशास्त्र विकायला लागलं. एकाच मुलाचा फोटो तीन क्लासेसच्या फ्लेक्सवर, एकीकडे चष्म्यासकट, एकीकडे बिनचष्म्याचा. मधल्या फ्लेक्सवर त्याला मिशी आलेली. नांदेडहून, धर्माबादहून, मुदखेडहून जीपा भरून पालक यायचे. चप्पल घेताना हीच माणसं चार पावलं चालून बघतात, अंगठा दाबून बघतात, दुकानदाराला घाम फोडतात. इथं मात्र बोर्डावरचं नाव किती मोठं हे बघून लेकराची दोन वर्षं मोजून द्यायची. मी एकाला विचारलं होतं, “मुलाला काय आवडतं?”

तो माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, “त्याला काय आवडायचं, मॅडम? ल्हान हाय ते अजून.”

याच गर्दीत माझी भाची रेणू माझ्या घरी राहायला आली. रेणू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. अक्काचं सासर औसा तालुक्यातलं. भूकंपात त्यांचं घर पडलं, रेणूची आजी गेली, आणि आजीच्या कुशीत झोपलेली रेणू दुपारी मातीतून जिवंत निघाली. ती तेव्हा पायाशी घुटमळणारं लेकरू होती. पुढं दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, मुरुडला खता-बियाण्याचं दुकान टाकलं आणि त्या दिवसाचं नाव घरात कुणी काढायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे दाजींनी ठरवलं.

रेणूला जीवशास्त्राचं वेड. जेवताना झुरळाचे अवयव सांगायची. आमचे हे ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि नवलाची गोष्ट म्हणजे दाजींनाही तेच पाहिजे होतं. बाप आणि लेकीची पसंती जुळलेली मी पहिल्यांदाच बघत होते. म्हटलं, चला, आपल्या घराण्यात एक तरी सरळ केस.

क्लासच्या इमारतीला तळमजला आणि वर तीन मजले. तळमजल्यावर पूर्वी ट्रॅक्टरचं शोरूम होतं, त्यामुळे समोरची अख्खी बाजू शटरची. तिथं बसायची जनरल बॅच. तिसऱ्या मजल्यावर स्टार बॅच. दर टेस्टनंतर जिन्याजवळ यादी लागायची, यादीत मधेच एक लाल रेघ. रेघेच्या वरचे तिसऱ्या मजल्यावर, खालचे खाली. वर म्हणजे जास्त समाधान. माझं पुस्तक क्लासच्या डायरेक्टर सरांनी जिन्याला लावलं होतं, आणि माझ्यापेक्षा त्यांना त्याचे पैसे बरे मिळत होते.

पहिल्या टेस्टला रेणू वरून तिसरी आली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली. दाजींनी मुरुडहून पेढे पाठवले. पुढच्या टेस्टला ती रेघेच्या खाली आली. त्यानंतर दर टेस्टला खालीच, पण फार खाली नाही, रेघेला लागून. यादी बघणाऱ्याला हळहळ वाटावी इतकी जवळ.

दाजींचा फोन आला. ते मला कौतुकानं आणि कुत्सितपणानं, दोन्ही एकाच वेळी, मॅडम म्हणतात.

“मॅडम, काय करून राहिली ही तिथं? मोबाईल दिला का तुम्ही तिला?”

“नाही हो दाजी. अभ्यास करते. सारखी पुस्तकातच असते.”

“मग मार्क कुठं जाऊन राहिले? तुमच्याकडं ठेवली, प्राध्यापकीणबाईंकडं, म्हणून निवांत होतो मी.”

टोमणा लागला. मी शास्त्रीय विचार केला. निदान तर समोर होतं. एकच विषय लागोपाठ वाचल्यानं सीमांत उपयोगिता घटली! मी वेळापत्रक करून दिलं. एक तास जीवशास्त्र, एक तास रसायन, मधे फुटाणे. रेणूनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि फुटाणे खाल्ले. आपलं अंथरूण तिनं पहिल्याच आठवड्यात आतल्या खोलीतून मागच्या पत्र्याच्या पडवीत नेलं होतं. मला वाटलं, पोरीला वारा आवडतो.

दिवाळीच्या आधी एकदा ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, “मावशी, मी सायन्स सोडते. तुझ्या वर्गात येते.”

माझा घास हातातच राहिला. “माझ्या? अर्थशास्त्राला?”

“हाव. परवा आले होते ना तुझा डबा द्यायला. मागं बसले थोडा वेळ. लई बरं वाटलं.”

काय सांगू! एवढ्या वर्षांत माझ्या वर्गात ‘लई बरं वाटलं’ असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी समवृत्ती वक्र शिकवत होते आणि जरा रंगातच आले होते, हे खरंच. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की क्लासच्या स्टार बॅचमधली मुलगी सायन्स सोडून माझ्याकडं येतेय. सायन्सचे दोघं तिघं खाली बघून चहा प्यायले. घरी आमचे हे म्हणाले, “झुरळाचं काय मग?” मी म्हटलं, तुम्हाला विषयाची गोडी काय कळणार. दाजींना कसं सांगायचं याचंही भाषण मी मनात तयार केलं. त्यात ‘विवेकशील निवड’ हे शब्द दोनदा येत होते.

शाखा बदलायचा अर्ज देण्याआधी तिला आठवडाभर वर्गात बसवून बघू, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी ती मधल्या बाकावर बसली. मी जीव तोडून शिकवत होते. ऊन तापलं होतं, पत्रे कडकड वाजत होते, पोरं वह्यांनी वारा घेत होती. रेणू पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती, आणि माझ्याकडे बघतच नव्हती. तिचं वर लक्ष होतं. मग तिनं पिशवीतून जीवशास्त्राचं पुस्तक काढलं आणि माझ्या तासाला, माझ्यासमोर, खुशाल वाचत बसली. एवढी गुंगून वाचताना मी तिला घरीही पाहिलं नव्हतं.

तास संपल्यावर मी तिला मैदानात गाठलं. “काय गं? तुला माझा विषय आवडला म्हणून आलीस ना?”

तिला खोटं बोलता येत नाही. ती चपलेनं माती उकरत राहिली.

“मावशी, पत्रा पडला तरी माणूस मरत न्हाई.”

मी वळून शेडच्या पत्र्यांकडं बघितलं.

“तिकडं वर स्लॅब हाय. दार एकच, आणि इतके जण. सर काय शिकवतात मला ऐकूच येत न्हाई. मी सारखी वरच बघते. खाली बरंय, शटर उघडं असतं. म्हणून मग मी दोन तीन उत्तरं सोडून देते.”

“येत असून?”

“येतात की. किती सोडायची ते आता कळतं मला. लई सोडली तर बाबा घरी नेतील. कमी सोडली तर वर जावं लागंल. पण आता सर म्हणून राहिले, पुढच्या महिन्यात जनरल बॅचपण दुसऱ्या मजल्यावर नेणार. खाली ऑफिस करायचंय. म्हणून म्हटलं, तुझ्याकडं यावं.”

पुस्तकात लिहिलेला विवेकशील उपभोक्ता मला जन्मात एकदाच भेटला, आणि तो माझ्याच पडवीत झोपत होता. मी त्याला फुटाणे दिले होते.

त्या रात्री मी दाजींना फोनवर सगळं सांगितलं. भाषणातले दोन्ही शब्द गाळून. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “भीती? कशाची भीती? बाकीची लेकरं बसतात न्हवं? तुम्ही लाड करून राहिले. उद्या येतो मी. हात धरून वर बसवतो तिला, बघू कशी भ्याते.”

आले. टोपी सारखी करत, तरातरा. रेणूचं मनगट धरलं आणि जिना चढायला लागले. मी मागं. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या अर्ध्यात दाजींचा पाय मंदावला. त्यांनी भिंतीला हात लावला. जिन्याच्या वरच्या टप्प्याची खालची बाजू डोक्यावर आली होती, तिकडं बघितलं आणि तिथंच थांबले. मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात गेला.

“गुडघा धरला,” ते म्हणाले. “तुम्ही व्हा पुढं.”

कुणी पुढं झालं नाही. एक पोरगं आमच्या बाजूनं दोन दोन पायऱ्या गाळत वर पळालं, जिना किंचित हादरला, आणि दाजी मटकन खाली बसले. डोळे मिटून. रेणूचं मनगट सोडायचं त्यांना सुचलं नव्हतं.

रेणू त्यांच्याजवळ पायरीवर बसली. हळू आवाजात म्हणाली, “बाबा, वर बघू नका. खालीपण नका. भिंतीकडं बघा. मी तसंच करत होते.”

दाजींनी भिंतीकडं बघितलं. मग विचारलं, “रोज?”

“वर होते तवा रोज.”

दाजी मुरुडला खताच्या गोदामात झोपतात. पत्र्याच्या. चोरांची भीती म्हणून, असं अक्का सगळ्यांना सांगते, आणि मीही इतकी वर्षं ते खरं मानत आले. युरियाची पोती चोरायला कोण येतंय, हा साधा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला पडला नाही.

ते भिंत धरून उठले आणि खाली उतरले. वर बसलेल्या डायरेक्टर सरांना निरोप पाठवला, खाली या म्हणून. सर आले. पालक पैसे परत मागणार की काय, या शंकेनं बरेच लवकर आले. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, उघड्या शटरपाशी, आमची बैठक झाली.

मी म्हटलं, “सर, स्टार बॅच खाली घेता येणार नाही का? बाकी सगळं तेच ठेवा.”

“मॅडम, तुम्ही प्राध्यापक आहात, तुम्हाला समजायला हवं.” सर हसले. “पालक जिना चढतात ना, तेव्हाच त्यांना पटतं. तळमजल्याला स्टार बॅच म्हटलं तर फी कोण देईल? वाटलं तर मुलीला आपण टीव्ही लावून देऊ इथं. वरचं लेक्चर खाली दिसेल. त्याचे थोडे वेगळे चार्जेस पडतील.”

“टीव्ही नको,” दाजी म्हणाले. “ही इथंच बसंल. साध्या मास्तरांकडं. आणि हा वर्ग इथनं हलवायचा न्हाई.”

“दादा, ते मॅनेजमेंट ठरवतं.”

“मुरुडची पंधरावीस लेकरं हायत इथं. त्यांचे बाप माझ्याकडून खत नेतात.” दाजींचा आवाज अजून नीट लागत नव्हता, पण व्यापाऱ्याला गिऱ्हाईक कुठं धरायचं ते बरोबर माहीत असतं. “ऑफिस वर करा की. तुम्हाला तर वर बरं वाटतंय.”

सर खांदे उडवून म्हणाले, “बघू. पण मग मेरिटचं विसरा. जनरलमधून कुणी आलेलं नाही आजवर.”

रेणू म्हणाली, “सर, पेपर दोन्ही बॅचला एकच असतो ना?”

“हो, एकच.”

“मग ठीक हाय.”

दाजी तिच्याकडं वळले. “आता एकपण उत्तर सोडायचं न्हाई. समजलं?”

“हाव, बाबा.”

मी स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं की ती मुलगी काही येत नाही. सायन्सवाल्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी चहा मागवला, तोही साखर जास्त घालून. माझ्या शेडमधला मधला बाक पुन्हा रिकामा झाला. खोटं कशाला सांगू, मला ते लागलं. वर्गात माझं न ऐकणारी पोरं पुष्कळ होती, पण इतकी सुखानं न ऐकणारी तीच.

पुढच्या टेस्टची यादी लागली तेव्हा दाजी मुद्दाम मुरुडहून आले होते. लाल रेघेच्या वर, सगळ्यांच्या वर, रेणूचं नाव. डायरेक्टर सर हार घेऊन तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी उभे, शेजारी फोटोग्राफर, मागं स्टार बॅच ओळीनं उभी केलेली. सरांनी हाक मारली, “बेटा, ये वर! फोटो काढायचाय.”

रेणू यादीपाशीच उभी राहिली. मान वर करून म्हणाली, “सर, खाली काढा ना.”

सर दोनदा बोलावून थकले. शेवटी उतरले. हार, फोटोग्राफर, स्टार बॅच, सगळी वरात तीन मजले उतरून शटरपाशी आली. धापा टाकत सरांनी हार घातला. फोटोत मागं चपलांचा ढीग आला. डाव्या कडेला दाजी आले, तेही अर्धे, कारण फोटो निघेपर्यंत त्यांनी एक पाय शटरच्या बाहेरच ठेवला होता.

आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. चपला कापल्या होत्या, दाजी कापले होते, रेणूच्या मागं कुठल्यातरी परदेशी कॉलेजची इमारत चिकटवली होती, चांगली दहा बारा मजल्यांची. खाली लिहिलं होतं, ‘आमची स्टार’. अक्का त्यापुढं उभी राहून बघत होती. म्हणाली, “बाई गं, पोरीला कुठं नेऊन उभं केलं यांनी!” रेणूनं एकदा वर बघितलं, इमारतीचे मजले मोजल्यासारखं केलं, आणि दाजींचा हात धरून म्हणाली, “चला बाबा, इथं खाली थांबायला नको.”